इंग्रजी रामराम शिकवणारा संध्याकाळचा कोर्स: जुनं भारी, नवं घाईघाईत

आधीच सांगून टाकते, हा स्पोकन इंग्लिशचा क्लास नाही. ओळखीतले दोघंतिघं त्याच समजुतीने चौकशी करत होते म्हणून म्हटलं एकदा नीटच लिहावं. इथे लेस्टरमध्ये एका अॅडल्ट एज्युकेशन सेंटरमध्ये थंडीच्या टर्मला संध्याकाळचा एक छोटा कोर्स असतो, विषय एवढाच की इंग्रज माणूस गेल्या हजारेक वर्षांत भेटल्यावर, निघताना, पत्राच्या सुरुवातीला-शेवटी आणि सणावाराला एकमेकांना काय काय म्हणत आला. फी ८५ पौंड, मंगळवारी सात ते नऊ, मध्ये चहा-बिस्कीट. शिकवायला एक रिटायर्ड शाळामास्तर, बाकीचे सगळे त्यांना सरळ नावाने हाक मारायचे, मी आपली सर सर करायचे, ते काही सुटत नाही.

मी फार्मसीच्या काउंटरवर असते, त्यामुळे दिवसभर कानावर हेच, 'ए अप मी डक' (म्हणजे इथला रामराम), 'यू ऑलराइट?', 'हाया' (हाय), 'टा' (थँक्यू), 'चीअर्स', 'टरा' (बाय). मला या कोर्सकडून एकच गोष्ट हवी होती ती म्हणजे समोरच्याने असं काही म्हटलं की आपण उत्तर काय द्यायचं. अर्थ कुठेही मिळतो हो, उत्तर मिळत नाही. आपल्याकडे कुणी 'येतो हं' म्हटलं की 'या' म्हणायचं हे कुणी शिकवलेलं नसतं, पण परक्या माणसाला काय कळणार की निघालेला माणूस येतो म्हणतोय आणि घरचे दारात उभं राहून त्याला या म्हणतायत. तर मी प्रत्येक क्लास याच मापाने मोजलाय, उत्तर मिळालं की मार्क, नाही मिळालं की नाही. सरांना हे अन्यायाचं वाटेल, वाटू दे.

पहिला क्लास फ्रान्सकडचे नॉर्मन लोक इंग्लंडात यायच्या आधीच्या इंग्रजीचा, आणि तो एक नंबर. त्या काळी भेटल्यावर म्हणायचं 'वेस हाल', म्हणजे धडधाकट रहा. समोर एकाहून जास्त माणसं असतील तर 'वेसथ हाले'. बेओवुल्फ नावाचं जे जुनं काव्य आहे त्यात नायक परक्या राजाच्या दरबारात शिरतो आणि पहिलं वाक्य हेच बोलतो, फक्त राजाचं नाव मधोमध घालून, 'वेस थू, ह्रोथगार, हाल'. सरांनी ते टेबलावर हात आपटून ताल धरत खर्जातल्या आवाजात म्हटलं आणि मागच्या खोलीत योगा चालू होता तिथली बाई बघायला आली. मला आवडलं ते असं की यात नुसती विचारपूस नाहीये, कसा आहेस वगैरे नाही, सरळ हुकूम आहे, नीट रहा म्हणून. आपल्या 'आयुष्यमान भव' सारखं, फक्त ते वडीलधाऱ्यांनी धाकट्याला म्हणायचं आणि हे इथे एक योद्धा राजालाच म्हणतोय.

त्याच क्लासला विल्यम राजाच्या सनदेची फोटोकॉपी दिली. १०६६ ला नॉर्मंडीहून येऊन याने इंग्लंड जिंकलं आणि १०६७ ला लंडनच्या लोकांना एक सनद लिहून दिली, स्वतःच्या फ्रेंचमध्ये नाही, लॅटिनमध्ये नाही, इंग्रजीत. आहे केवढी, तर जेमतेम दोन बोटं रुंदीची चामड्याची पट्टी, आजही लंडनच्या दफ्तरखान्यात जपून ठेवलेली. सुरुवात अशी की विल्यम राजा बिशपला आणि शहरातल्या सगळ्या फ्रेंच आणि इंग्रज लोकांना मैत्रीने रामराम करतो. मग दोनतीन वाक्यांत कामाचं, म्हणजे आधीच्या एडवर्ड राजाच्या वेळी जे हक्क होते ते तसेच राहतील, बापाचं ते मुलाला मिळेल, तुमच्यावर कुणी अन्याय केलेला मी खपवून घेणार नाही. आणि शेवटी 'गॉड एओव येहेआल्दे', देव तुमचं रक्षण करो. आत्ता कुठे वर्षापूर्वी तलवार घेऊन आलेला माणूस हे म्हणतोय. मी विचारलं की याला लंडनच्या लोकांनी उत्तर काय द्यायचं, सर म्हणाले, टॅक्स. अर्धा मार्क दिला.

पूर्ण मार्क दुसऱ्या क्लासला. 'वेस हाल' पुढे बदलत बदलत 'वासेल' झालं, डॅनिश लोकांच्या बोलीचाही त्यात हात आहे म्हणतात, आणि ते भेटल्यावर म्हणायचं राहिलंच नाही, पेला उचलताना म्हणायचं झालं. आणि याला ठरलेलं उत्तर आहे! एकाने म्हणायचं 'वासेल', दुसऱ्याने म्हणायचं 'ड्रिंकहेल', मग प्यायचं. ११३६ च्या सुमाराला मॉनमथच्या जेफ्री नावाच्या एका पाद्र्याने लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा इतिहास लिहिला, इतिहास कसला, बऱ्याचशा दंतकथाच, त्यात गोष्ट आहे की सॅक्सन सरदाराची मुलगी सोन्याचा पेला घेऊन व्हॉर्टिगर्न राजापुढे येते आणि 'वासेल' म्हणते. राजा तिथल्या मूळच्या ब्रिटन लोकांपैकी, त्याला बाहेरून आलेल्या सॅक्सनांची भाषा येत नाही, तो तिच्याकडे बघतच राहतो आणि दुभाष्याला विचारतो की ही काय म्हणाली आणि मी काय उत्तर देऊ. दुभाषा सांगतो, 'ड्रिंकहेल' म्हणा. म्हणजे बघा, स्वतःच्याच राजवाड्यात स्वतःच्याच राज्यात राजा अडकला, आणि मी बूट्स नावाच्या औषधांच्या दुकानातल्या गल्लीत कुणी 'ऑलराइट?' म्हटल्यावर अडकते तर काय मोठं झालं. पुढे त्या राजाने पोरीच्या नादात राज्य घालवलं ते सोडा.

सरांनी सगळ्यांच्या हातात कागदी कप दिले, सफरचंदाचा ज्यूस, आणि जोड्या लावून म्हणायला लावलं. माझ्या जोडीला नॉटिंगहॅमचा एक प्लंबर होता, सहा फूट उंच, तो इतका लाजत होता की कप तोंडाला लावूनच 'वासेल' पुटपुटला. चौथ्यांदा मात्र त्याने असा काही आवाज लावला की बिस्किटांच्या टेबलावरच्या आजी दचकल्या. मग कळलं की हे अजून जिवंत आहे, सॉमरसेटमध्ये कारहॅम्पटन नावाच्या गावात १७ जानेवारीला लोक सफरचंदाच्या बागेत जमतात, झाडाच्या मुळाशी सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, ओततात, सायडरमध्ये भिजवलेला टोस्ट फांदीवर ठेवतात, गाणं म्हणतात आणि भुताखेतांना पळवायला बंदुका उडवतात. १७ का, तर १७५२ ला कॅलेंडर बदलून अकरा दिवस गायब केले आणि या लोकांनी ते मनावर न घेता सण जुन्याच हिशेबाने ठेवला. म्हणजे माणसाला धडधाकट रहा म्हणायचं ते आता झाडाला म्हणतात, यंदा सफरचंदं भरपूर दे बाई. झाड काही उत्तर देत नाही पण ते चालतं.

पत्रांचा क्लास चांगला होता पण हॅन्डआउटचा फॉन्ट इतका बारीक की चष्म्यावर चष्मा लावावा. १४७७ च्या फेब्रुवारीत नॉर्फकच्या मार्जरी ब्रूज नावाच्या मुलीने होणाऱ्या नवऱ्याला, जॉन पास्टनला लिहिलेलं पत्र वाचलं, इंग्रजीतलं सगळ्यात जुनं व्हॅलेंटाइन म्हणून ते सांगतात. त्यात सुरुवातीलाच परम आदरणीय, परम प्रिय व्हॅलेंटाइन, मी स्वतःला तुमच्यापुढे सादर करते, तुमचं क्षेमकुशल ऐकायची इच्छा धरते, परमेश्वर ते दीर्घकाळ राखो, अशी लांबच लांब माळ. वाचताना मला हसू आवरेना कारण आजोबांच्या ट्रंकेतली पत्रं याच चालीची, 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष, येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे', आणि मग खाली मुद्द्याचं, म्हैस विकली. मार्जरीच्या पत्रातही माळ संपली की मुद्द्याचं येतं आणि ते हुंड्याचं आहे, वडील आणखी पैसे द्यायला तयार नाहीत, पण माझ्यावर खरंच प्रेम असेल तर तेवढ्यासाठी मला सोडणार नाहीस. लग्न झालं दोघांचं त्याच वर्षी, काळजी नको.

मग शेक्सपिअरचा काळ, तो जरा पळवला. 'गॉड बी विथ यी' म्हणजे देव तुझ्याबरोबर असो, हे घाईत बोलून बोलून 'गुडबाय' झालं आणि गुड मॉर्निंग, गुड नाइटच्या संगतीने त्यातला गॉड जाऊन गुड आलं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. मला माहीत नसलेलं म्हणजे १५७०च्या दशकात गॅब्रिएल हार्वी नावाच्या केंब्रिजच्या विद्वानाने एकाला लिहिलं की तू मला गॅलनभर गुडबाय पाठवलेस, त्याच्या बदल्यात मी तुला अर्धा गॅलन हाउडी पाठवतो. हाउडी हे आपल्याला सिनेमातल्या काउबॉयचं वाटतं, ते मूळचं या विद्वानांच्या घरातलं, 'हाउ डू यी'. आणि रोमिओ-ज्युलिएटमधली ज्युलिएटची दाई गुड मॉरो म्हणते तर रोमिओचा मित्र मर्क्युशिओ तिला गुड डेन म्हणून टोकतो, म्हणजे बाई बारा वाजून गेले, आता दुपारचं म्हणा. दाई विचारते, झाली का दुपार? त्यावर तो जे उत्तर देतो ते घड्याळाच्या काट्यावरून केलेला चावट विनोद आहे, सरांनी खोकल्यासारखं करून पान उलटलं, प्लंबरने मात्र बरोबर पकडलं.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी, आणि तो पंथ काढणारा माणूस तर आपल्याच काउंटीतला निघाला. जॉर्ज फॉक्स, जन्म १६२४, लेस्टरशायरच्या फेनी ड्रेटनचा. त्याने सांगितलं की देवाने मला कुणापुढेही हॅट काढायची मनाई केली आहे, कुणाला गुड मॉर्निंग म्हणायचं नाही, गुड इव्हनिंग म्हणायचं नाही, वाकायचं नाही, आणि गरीब असो श्रीमंत असो सगळ्यांना एकेरीतच बोलायचं. त्या काळी मोठ्या माणसाला 'यू' आणि धाकट्याला, नोकराला 'दाउ', म्हणजे आपलं तुम्ही आणि तू. आता कल्पना करा, कोर्टात न्यायाधीशापुढे हा डोक्यावर हॅट ठेवून उभा आणि वर अरे-तुरे करतोय. मार खाल्ला, तुरुंगात गेले हे लोक, फक्त रामराम केला नाही म्हणून. गावाकडे जोहार कुणी कुणाला घालायचा, चपला कुठे काढायच्या, कुणी आधी वाकायचं यावरून काय काय झालंय हे आपल्याला कुणी सांगायला नको, त्यामुळे बाकी वर्ग हसत होता तेव्हा मला फारसं हसू आलं नाही. इथे उत्तर काय द्यायचं हा प्रश्नच उलटा झाला, उत्तर न देणं हेच त्यांचं उत्तर. पूर्ण मार्क.

ख्रिसमसचा क्लास टर्मच्या शेवटाकडे. 'मेरी ख्रिसमस' ही शुभेच्छा लिहिलेली सापडते ती १५३४ च्या डिसेंबरातल्या एका पत्रात, आणि ते पत्र आहे टॉवर ऑफ लंडनच्या कोठडीतून. बिशप जॉन फिशर, आठव्या हेन्रीच्या शपथेला नाही म्हणाला म्हणून आत. म्हातारा माणूस, ऐन थंडीत राजाच्या मंत्र्याला, थॉमस क्रॉमवेलला लिहितोय की अंगावरचे कपडे फाटलेत, शर्ट नाही, खायला धड नाही, पुस्तकं हवीत, पापनिवेदनाला पाद्री हवा, आणि शेवटी देव तुम्हाला तुमच्या मनासारखा आनंदाचा आणि सुखाचा ख्रिसमस देवो. पुढच्या जूनमध्ये त्याचं डोकं उडवलं. सरांनी हे वाचून झाल्यावर लगेच १८४३ चं पहिलं छापील ख्रिसमस कार्ड दाखवलं, हेन्री कोलने छापून घेतलेलं, किंमत एक शिलिंग, त्यात एक कुटुंब वाइन पितंय आणि लहान मुलीच्या तोंडालाही पेला लावलाय म्हणून दारूबंदीवाले चिडले होते. कार्ड छान आहे पण त्या कोठडीनंतर लगेच नको होतं, मध्ये चहाची सुट्टी द्यायला पाहिजे होती. असल्या जागी कोर्सची आखणी कच्ची वाटते.

आणि मग ते फील्ड पोस्टकार्ड. हे एवढ्यासाठी तरी कोर्स करा. पहिल्या महायुद्धात सैनिकांना घरी पाठवायला सरकारने छापील कार्ड दिलं होतं, त्यावर वाक्यं आधीच छापलेली, नको ती खोडायची, खाली सही आणि तारीख, बाकी एक अक्षर लिहिलं तर कार्ड नष्ट करणार अशी वर तंबी. पहिलं वाक्य, 'मी अगदी ठीक आहे.' मग मला दवाखान्यात दाखल केलंय, आजारी किंवा जखमी, यातलं एक खोडा. मग तुमचं पत्र मिळालं, तार मिळाली, पार्सल मिळालं. मग संधी मिळताच सविस्तर लिहितो. आणि शेवटी तुमच्याकडून पत्र आलेलं नाही, पुढे दोन पर्याय, अलीकडे किंवा बऱ्याच दिवसांत. सरांनी प्रत्येकाला एक झेरॉक्स दिली, पेन्सिल दिली आणि म्हणाले पाच मिनिटं, घरी कुणाला पाठवायचंय ते ठरवा आणि खोडा. बोलायचं नाही. मी सगळं खोडत गेले, पार्सल खोडलं, दवाखाना खोडला, तार खोडली, 'अगदी ठीक आहे' ठेवलं आणि मग त्या शेवटच्या दोन पर्यायांवर पेन्सिल अडकली, अलीकडे खोडू की बऱ्याच दिवसांत खोडू. आईला फोन करून किती दिवस झाले ते मनात मोजत बसले. बिस्किटवाल्या आजींनी फक्त पहिलं वाक्य ठेवलं होतं, बाकी पूर्ण कार्ड काळं.

इथे एक सांगायचंय, लोक म्हणतात ना की हल्लीचे 'आय होप धिस फाइंड्स यू वेल' वगैरे इमेल म्हणजे नुसता पोकळ साचा. सरही तसंच म्हणाले. मला नाही पटत. ते कार्ड तर शंभर टक्के साचाच होतं, माणसाचं स्वतःचं त्यात सहीशिवाय काही नाही, तरी ते हातात पडल्यावर घरात काय झालं असेल? साचा असला म्हणून आतला माणूस खोटा होत नाही. हे मी वर्गात बोलले, सर म्हणाले, इंटरेस्टिंग, आणि इंग्रज माणूस इंटरेस्टिंग म्हणाला की विषय संपला हे इतक्या वर्षांत कळलंय.

शेवटचा क्लास टेलिफोन आणि आजचं इंग्रजी, आणि इथे गाडी घसरली. टेलिफोनचा भाग चांगला होता. फोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेलला 'अहॉय' हवं होतं, जहाजावरची हाक, आणि एडिसनने १५ ऑगस्ट १८७७ च्या पत्रात पिट्सबर्गच्या एका टेलिग्राफवाल्याला कळवलं की घंटीची काही गरज नाही, 'हॅलो' दहा-वीस फुटांवरून ऐकू येतं. एडिसनचं चाललं, आणि इतकं चाललं की आपल्याकडे फोन म्हणजे हॅलो, २०२२ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र सरकारला जीआर काढून कर्मचाऱ्यांना सांगावं लागलं की फोनवर हॅलोऐवजी वंदे मातरम् म्हणा. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा सगळ्यांचे कान टवकारले, सरांनी वहीत टिपून घेतलं.

पण मग उरलेल्या पाऊण तासात 'हाय', 'हाया', 'चीअर्स', 'टेक केअर', 'हॅव अ गुड वन' सगळं एका दमात. प्रादेशिक तर जवळजवळ नाहीच. अहो, लेस्टरमध्ये बसून 'मी डक' वर एक मिनिट? ब्रिस्टलचं 'माय लव्हर', जे बस ड्रायव्हर कुणालाही म्हणतो आणि नवीन आलेली मुलगी घाबरते, ते नाही. बर्मिंगहॅमचं 'टरा अ बिट' नाही. यॉर्कशायरचं 'नाउ देन', ज्यात आत्ताही नाही आणि मगही नाही, नुसता रामराम आहे, ते नाही. लंडनचं 'वॉचर' जुन्या 'व्हॉट चीअर' वरून आलं हे तर सरांच्या अगदी आवडीचं खाद्य होतं, तेही राहिलं. शेवटी हे सगळं चहाच्या वेळी प्लंबरने आणि आजींनी शिकवलं, आणि माझं उत्तरही तिथेच मिळालं, फुकटात.

तर ज्यांना फक्त तेवढंच हवंय त्यांच्यासाठी इथेच देते. 'यू ऑलराइट?' चालता चालता म्हटलं तर उत्तर 'ऑलराइट' किंवा 'येह, यू?', आणि थांबायचं नाही, तब्येत सांगायची नाही. तेच दुकानातल्या माणसाने म्हटलं तर अर्थ काय हवंय, तेव्हा सरळ काय हवं ते सांगा. 'ए अप' ला 'ए अप'. 'हाउ डू यू डू' कुणी म्हटलंच, आता फारसं म्हणत नाहीत, तर तेच परत म्हणायचं, तो प्रश्न नाही. 'चीअर्स' म्हणजे थँक्यूही आणि बायही, दोन्हीला 'चीअर्स' चालतं. आणि 'नॉट टू बॅड' म्हणजे बरा आहे असं धरून चालू नका, माझ्या काउंटरवर अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स घ्यायला आलेले, धाप लागलेले आजोबा पण 'मस्टन्ट ग्रम्बल, डक', म्हणजे कुरकुर कशाला करायची, असं म्हणतात, तेव्हा प्रिस्क्रिप्शन बघायचं, तोंडावर जायचं नाही. हे कोर्समध्ये असायला हवं होतं, नर्सिंग आणि केअर होममध्ये आपली किती मुलं आहेत इथे.

बाकी सोयींचं. खोली थंड, हीटर फक्त आवाज करतो, स्वेटर न्या. चहा पांचट पण बिस्किटं चांगली. पार्किंग सेंटरचं नाही, रस्त्यावर सहानंतर फुकट. इंग्रजी बऱ्यापैकी येत असेल तरच जा, सर भरभर बोलतात आणि मधूनच जुन्या उच्चारात शिरतात. मला विचाराल तर पाचपैकी चार, एक कापला तो शेवटच्या क्लासचा. वाचनाची, नाटकाची, इतिहासाची आवड असलेल्यांना डोळे झाकून सांगेन. ज्यांना मुलाखतीसाठी किंवा नोकरीसाठी बोलायची सवय हवीय त्यांनी ८५ पौंड वाचवावेत आणि तेवढ्यात एखाद्या कम्युनिटी सेंटरच्या कॉफी मॉर्निंगला जावं, तिथे आजी भेटतात. पुढच्या टर्मचं बुकिंग सप्टेंबरात उघडतं, मागच्या वेळी आठवड्याभरात भरलं होतं, आणि नाव नोंदवताना फीडबॅकचा फॉर्म असतो त्यात मी प्रादेशिक बोलींचा वेगळा क्लास मागितलाय, तुम्हीही मागा, दहा जणांनी लिहिलं तर करतीलही.